इनुस गुळव्याचा नारळ

आसिया मुलाणीला मी चौथीपासून ओळखते. मुलं भांडतात आणि मधल्या सुट्टीनंतर विसरतात. ही विसरत नसे. चौथीत कुणीतरी तिची नवी पेन्सिल मोडली होती. दहावीच्या निरोप समारंभात त्या मुलाला सगळ्यांदेखत उभं करून तिनं एक पेन्सिल मागून घेतली, आणि ती घेताना हसलीसुद्धा नाही. अभ्यासात बरी, अक्षर बारीक, बोलणं थोडं. रागावली की आवाज वाढायचा नाही, उलट कमी व्हायचा. बत्तीस वर्षं शाळेत काढल्यावर मला एवढं कळलं आहे, की असा राग फार दिवस टिकतो.

तिचे वडील इनुसभाई हे राहू गावचे गुळवे. गुऱ्हाळावर मालक कुणीही असो, रस उकळायला लागला की राज्य गुळव्याचं. मळी कधी काढायची, रानभेंडीचं चिकट पाणी कधी सोडायचं, रसाची मोठी कढई, म्हणजे काहील, चुलवाणाच्या आगीवरून नेमकी कुठल्या क्षणी उतरवायची, हे तो ठरवतो. क्षणभर आधी उतरवली तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. इनुसभाई चमच्यातला पाक गार पाण्यात सोडायचे, बोटांनी गोळी करून पातेल्याच्या कडेवर वाजवायचे आणि त्या आवाजावर बोलायचे, "घ्या." खुटबावच्या मारुतरावांच्या गुऱ्हाळावर सव्वीस वर्षं त्यांचा हा एक शब्द चालला.

सात वर्षांपूर्वी तिथल्या गुळाचा नमुना तपासणीला गेला आणि त्यात हायड्रोस सापडला. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून रसात टाकतात ती पांढरी पावडर. मारुतरावांचा मुलगा पृथ्वीराज तेव्हा नुकताच कारभार पाहू लागला होता. डबा त्यानंच आणला होता, त्यानंच उघडला होता आणि त्यानंच रसात टाकायला लावलं होतं. पण गुऱ्हाळावर जमलेल्या तीस माणसांपुढं तो म्हणाला, "इनुसनं आमच्या माघारी ओतलं. आजपासून ह्याचा हात आमच्या काहिलीला लागायचा न्हाई." इनुसभाई एकदाच म्हणाले, "मी न्हाई टाकलं." मारुतराव आबांनी पोराकडं पाहिलं, गुळव्याकडं पाहिलं, आणि पोराचं खरं धरलं.

पृथ्वीराजही माझाच विद्यार्थी. तो वाईट मुलगा होता असं मी म्हणणार नाही. चूक झाली की तोंडातून शब्द मात्र निघायचा नाही. ज्याला ढकललं त्याच्या हातात खिशातली गोळी कोंबायचा आणि पळून जायचा. घरात पोरगा लाडका. माफी मागायची वेळ त्याच्यावर कुणी आणलीच नाही. त्या वर्षी गोळी देऊन भागण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यानं दुसऱ्याचा बळी दिला.

त्यानंतर पंचक्रोशीत कुणी इनुसभाईंना गुळव्या म्हणून बोलावलं नाही. ते वीटभट्टीवर जाऊ लागले. हंगामात वाऱ्यावर गुळाचा वास आला की दार लावून घ्यायचे. आसिया तेव्हा वीस वर्षांची होती. तिनं अन्नप्रक्रियेची पदविका केली, गावातल्या आठ बायका जमवल्या, पत्र्याचं एक शेड भाड्यानं घेतलं आणि लहानशी काहील चढवली. बापाला वीटभट्टीवरून ओढून आणलं. ते आले, पण एका अटीवर. "वेष्टनावर माझं नाव टाकायचं न्हाई. माझं नाव वाचलं तर माल परत येईल."

हे तिनं मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका कमी झाला होता की मला पुढं वाकावं लागलं. "बाई, मला पृथ्वीराजच्या तोंडून माझ्या बापाचं नाव ऐकायचंय. माणसांच्या म्होरं. मग माझं काय व्हायचं ते होऊ द्या."

ह्या फेब्रुवारीत शिरूरला गूळ उत्पादकांची परिषद भरली. आसियाच्या गटाला त्यात एक टेबल मिळालं. तिची ही पहिलीच परिषद. तिच्यासोबत तिच्या गटातली नीलम, आणि "बाई, तुम्ही बरोबर असल्या म्हंजी मला धीर येतो" म्हणून मी. नीलमच्या नवऱ्याच्या पिकअपमध्ये गुळाच्या पेट्यांशेजारी बसून आम्ही न्हावऱ्यावरून शिरूर गाठलं. वाटेत आसिया एक चिठ्ठी पुन्हापुन्हा वाचत होती. छापील पत्रिकेत दुपारच्या आधीचं भाषण पृथ्वीराजचं होतं, विषय 'रसायनमुक्त गूळ : आमची परंपरा'. चिठ्ठीत त्याला विचारायचा प्रश्न होता.

"ह्यो परंपरा म्हणतोय," नीलम म्हणाली. "ह्याच्या काहिलीवर सगळी परप्रांतातली माणसं. त्यांना विचारलं गूळ कसा, तर म्हणत्यात, 'सेठ ने बोला पीला मंगता.'"

"म्हणू दे," आसिया म्हणाली. "आज त्याला दुसरंच काय तरी म्हणायला लावते."

मंगल कार्यालयाच्या दारात नोंदणी होती. गळ्यात अडकवायची ओळखपत्रं वाटत होते. आसियाच्या ओळखपत्रावर फक्त 'आसिया, महिला बचत गट, राहू' एवढंच होतं. आडनाव टाकलंच नव्हतं. ती बदलून घ्यायला निघाली, मग थांबली आणि म्हणाली, "असू द्या. बरंच हाय." आमचं टेबल अगदी शेवटी, हात धुवायच्या नळांपाशी. आजूबाजूला लोक एकमेकांना कार्ड देत होते. आमच्याकडं कार्डं नव्हती. कुणी हात पुढं केला की नीलम त्यावर गुळाचा खडा ठेवायची. एक इस्त्रीच्या कपड्यांतले गृहस्थ खडा चघळत म्हणाले, "ताई, तुमचं कार्ड फारच गोड आहे," आणि दुसरा मागून गेले.

नवख्या माणसाच्या चुका तिच्याही झाल्या. गुळाच्या नमुन्यांची स्पर्धा होती आणि तिचा अर्ज महिन्यापूर्वीच भरायला हवा होता, हे तिला तिथं गेल्यावर कळलं. "म्हंजी आपण न्हाईच त्यात?" तिनं टेबलावरच्या मुलीला विचारलं. "पुढच्या वर्षी या, ताई," ती म्हणाली.

पृथ्वीराजचं भाषण छान झालं. हे मला लिहायला आवडत नाही, पण झालं. पडद्यावर रानभेंडीच्या झाडाचा फोटो, जुन्या दगडी चरकाचा फोटो, पुढच्या रांगेत बसलेल्या आबांकडं हात करून दोन वाक्यं. आबांना आता कमी ऐकू येतं; ते हात जोडून सगळीकडं बघत होते. प्रश्न विचारायची वेळ आली आणि आसियानं हात वर केला. माईक तिच्यापर्यंत आला. तिनं चिठ्ठी उघडली आणि पुस्तकी मराठीत वाचलं, "सात वर्षांपूर्वी आपल्या गुऱ्हाळाच्या नमुन्यात हायड्रोस आढळला होता. त्यास जबाबदार कोण होते, हे आपण सांगाल का?"

मी पृथ्वीराजकडं पाहिलं. पापणीसुद्धा हलली नाही त्याची.

"फार चांगला प्रश्न, ताई. पहिलीच परिषद का?" लोक थोडे हसले. "बरं झालं विचारलंत. त्या वेळच्या आमच्या गुळव्यानं आमच्या माघारी ते कृत्य केलं होतं. सव्वीस वर्षांचा माणूस, पण आम्ही गय केली नाही. त्याच दिवशी काढला. रसायनमुक्त गूळ असा होतो, मंडळी. शिस्तीनं."

टाळ्या पडल्या. माईक काढून घेतला गेला. आसिया चिठ्ठीची घडी घालत खाली बसली. घडी घातली, अजून घातली, ती नखाएवढी झाली तरी घालत राहिली. तिनं बापाचं नाव धुवून घ्यायला तोंड उघडलं होतं आणि दोनशे माणसांपुढं त्याला पुन्हा एकदा गुन्हेगार ठरवून घेतलं होतं. वर टाळ्या.

"जेवायला चल," मी म्हणाले.

"तुम्ही जेवा, बाई. त्याच्या मंडपातलं मला जाणार न्हाई."

मंडप त्याचा नव्हता, पण मी वाद घातला नाही. आम्ही ताटं घेऊन उभ्या होतो तोवर ती स्पर्धेच्या टेबलापाशी गेली. तीस-एक ढेपा मांडलेल्या होत्या, प्रत्येकीपुढं नुसता आकडा. मालकांची नावं बंद पाकिटांत. थोड्या वेळानं ती परत आली ती जवळजवळ धावत. माझा हात धरून मला तिकडं नेलं आणि अकरा नंबरची ढेप उलटी केली.

"बाई, हे बघा."

गुळाच्या साच्यात आधी ओलं फडकं अंथरतात, मग गरम गूळ ओततात. त्यामुळं ढेपेवर त्या कापडाची वीण उमटते. अकरा नंबरच्या ढेपेच्या बुडाशी वीण होतीच, पण मधोमध एक चौकोनी, उठावदार ठसा होता, जाड दोऱ्यानं रफू केल्यासारखा.

"आमच्या एका फडक्याला उंदरानं भोक पाडलं व्हतं," आसिया म्हणाली. "अम्मीनं गोधडीच्या दोऱ्यानं रफू घातला. बारा फडकी हायेत; बारातल्या एका ढेपेला ह्यो ठसा असतो. बाई, ही आमची ढेप हाय. अब्बांच्या हातची."

"पण तुम्ही तर अर्जच भरला नाही."

"तेच तर. तीन आठवड्यांमागं दौंडच्या व्यापाऱ्यानं बिनवेष्टनाच्या चाळीस ढेपा नेल्या. म्हणाला, एक गिऱ्हाईक हाय, त्याला छापील कागद नको." तिनं ढेप पुन्हा सरळ ठेवली. "कुणीतरी आमचा माल आपला म्हणून इथं ठेवलाय."

कुणी, हे तिला ठाऊक नव्हतं. पण तिचे डोळे पुढच्या रांगेकडं गेले. मला आठवतं, ती मनात काहीतरी म्हणत होती, ओठ हलत होते. ती दुआ मागत होती, आणि ती चांगली दुआ नव्हती.

निकाल सांगायला इनामगावचे सुदर्शनआप्पा उठले. सत्तरी ओलांडलेला माणूस, चाळीस हंगाम स्वतःचं गुऱ्हाळ चालवलेलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तीस ढेपा चाखल्या. एकीपाशी माझी जीभ थांबली. असा गूळ मी लई वर्षांत खाल्ला न्हाई. नंबर अकरा." पाकीट फोडलं. "पृथ्वीराज मारुतराव, खुटबाव."

आसियानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता. तिची दुआ कबूल झाली होती. ज्यानं तिच्या बापाला काहिलीपासून हाकललं, तो त्याच बापाच्या हातचा गूळ विकत आणून पहिला आला होता. आणि कुणाचा आहे हे त्याला माहीतसुद्धा नव्हतं.

आमच्याकडं गुऱ्हाळवाल्यांची एक रीत आहे. हंगामातला पहिला चांगला गूळ उतरला की मानाचा नारळ मालक घेत नाही, गुळव्याला देतात, त्याचं नाव मोठ्यानं घेऊन. परिषदेनं ती रीत पाळली होती. ढाल मालकाला, शेला आणि नारळ गुळव्याला. पृथ्वीराजला ते ठाऊक होतं. त्यानं सोबत एक माणूस आणला होता. नवी पांढरी टोपी घातलेला, अवघडून गेलेला, पन्नाशीचा म्हाळू नावाचा माणूस. पृथ्वीराजनं त्याला पाठीवर हात ठेवून पुढं केलं. "हे आमचे गुळवे, म्हाळू."

आप्पा नारळ उचलून देणार तोच थांबले. त्यांनी म्हाळूचा चेहरा जवळून पाहिला.

"काय रे म्हाळू, तुझ्या भुवया कुठं गेल्या?"

लोक हसले. म्हाळूनं कपाळावर हात नेला.

"भुवया जळालेला गुळव्या मी पहिल्यांदा बघतोय," आप्पा म्हणाले. "भुवया जळत्यात चुलवाणात चिपाडं सारणाऱ्याच्या. गुळव्या उभा असतो काहिलीवर, वाफेत. सांग बरं, ह्या गुळाला भेंडीचं पाणी कवा सोडलंस?"

म्हाळूनं पृथ्वीराजकडं बघितलं, मग आप्पांकडं. तो साधा माणूस होता. टोपी घालायला सांगितली, त्यानं घातली. गुळाच्या बाबतीत खोटं मात्र त्याला बोलता आलं नाही.

"मला न्हाई ठावं, आप्पा. मी चुलवाणावर असतो."

"घाबरलाय तो," पृथ्वीराज पटकन म्हणाला. "पहिल्यांदा स्टेजवर आलाय. आप्पा, द्या की नारळ, उशीर होतोय."

एवढ्यात आसिया आमच्या टेबलावरून एक ढेप घेऊन निघालेली मी पाहिली. मी तिला हाक मारली नाही. ती मधल्या वाटेनं सरळ चालत गेली आणि स्टेजवर चढली. आधी म्हाळूपाशी गेली. "म्हाळूमामा, तुम्ही खाली बसा. तुमचा काय दोष न्हाई." तो सुटल्यासारखा उतरला. मग तिनं अकरा नंबरची ढेप उचलली, आपली ढेप शेजारी धरली आणि दोन्ही उलट्या करून आप्पांपुढं ठेवल्या. ह्या खेपेला हातात चिठ्ठी नव्हती.

"आप्पा, ही अकरा नंबरची. आन् ही आमच्या टेबलावरची. ह्यो रफूचा ठसा बघा. माझ्या आईनं घातलाय."

आप्पांनी एका ठशावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्यावरून.

"एकाच फडक्याचा हाय," ते म्हणाले. "पृथ्वीराज, हे काय?"

"माल... माल कधी कमी पडला तर आपण बाजारातून घेतो, आप्पा. सगळेच घेतात."

"म्हंजी इकत आणून पयला आला व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं. दुसऱ्या कुणीतरी भर घातली, "शिस्तीनं आणला असंल!" अख्खं सभागृह हसलं. आधी त्याच वाक्याला ह्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आसिया हसली नाही. तिनं माईक त्याच्यापुढं धरला. "नारळ गुळव्याचा असतो. आता ह्या गुळाच्या गुळव्याचं नाव घ्या."

"मला काय माहीत कुणाचा... तू कोण?" मग त्यानं तिचं ओळखपत्र वाचलं, तिचा चेहरा पाहिला, आणि रंग उतरला त्याचा. "तू इनुसची?"

"व्हय. माईकवर बोला."

"हे बघ, आपण बाहेर..."

"माईकवर. पूर्ण नाव."

"इनुस मुलाणी," तो म्हणाला. मग टाळ्या पडल्या तसा त्याला थोडा धीर आला. "मंडळी, इनुसभाई म्हणजे आमचेच जुने गुळवे. आमच्याच गुऱ्हाळावर तयार झालेला हात..."

"जुने कशानं झाले तेबी सांगा," आसिया म्हणाली. तिचा आवाज इतका कमी होता की माईक नसता तर पहिल्या रांगेलाही पोचला नसता. "सकाळी म्हणाला की, माघारी कृत्य केलं. डबा कुणी उघडला ते सांगा."

त्यानं माईक टेबलावर ठेवला. तो सांगणार नव्हता. पुढच्या रांगेत मारुतराव आबा शेजारच्याला विचारत होते, "काय म्हणतीया पोरगी?" शेजाऱ्यानं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं मोठ्यानं सांगितलं, ते सगळ्यांनीच ऐकलं. आबांनी मान वळवून पोराकडं पाहिलं. आप्पांनी नारळ आसियापुढं केला.

"मी घेणार न्हाई, आप्पा. ज्यानं तीस माणसांम्होरं काढलं, त्यानं तेवढ्याच माणसांम्होरं नेऊन द्यावा. राहूला, आमच्या गुऱ्हाळावर."

शेजाऱ्यानं हेही कानात सांगितलं तसे आबा काठी टेकत उठले. "शनिवारी येतो," ते म्हणाले. "मी आन् ह्यो. किती वाजता?"

"अकराला या, आबा," आसिया म्हणाली.

बाहेर पिकअपपाशी पृथ्वीराज आमच्यामागं आला. "आसिया, ऐक. तुझा सगळा माल मी उचलतो. दर तू सांग. इनुसभाईंना परत बोलावतो, मानानं. शनिवारचं राहू दे."

मला शाळेतली ती खिशातली गोळी आठवली. हात तसाच पुढं आला होता त्याचा.

"अकरा वाजता," आसिया म्हणाली आणि गाडीत बसली.

परतताना मी शिक्षकाचं काम करून पाहिलं. "झालं ना आता? नाव घेतलं त्यानं. दोनशे माणसांपुढं लाज गेली त्याची. शनिवारी जरा सबुरीनं घे."

"नाव घेतलं, बाई. डाग न्हाई काढला." ती बाहेर उसाच्या फडांकडं बघत होती. "माझा बाप सात वर्षं गुळाचा वास आला की दार लावत व्हता. सबुरी त्यानं केली की. आता मी कशाला करू?"

घरी आसियाची अम्मी रशिदाभाभी सगळं ऐकून रडल्या. इनुसभाईंनी सगळं ऐकलं, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि विचारलं, "कुठल्या घाण्याचा माल व्हता त्यो? तीन आठवड्यांमागचा? त्यात मळी जरा जास्ती निघाली व्हती. ह्याच्यापरीस चांगला बसला असता." तेवढंच.

शनिवारपर्यंत आसिया दोन गावं फिरली. सात वर्षांपूर्वी त्या दिवशी गुऱ्हाळावर कोण कोण उभं होतं, ती यादी तिच्या डोक्यात पक्की होती. तिसातले काही वारले होते, काही पुण्याला गेले होते. बावीस जणांच्या दारात ती गेली आणि एकच वाक्य बोलली, "तवा होता, आता बी या." बावीसच्या बावीस आले.

आणखी एक गोष्ट तिनं केली, ती मला नंतर नीलमकडून कळली. शनिवारी चुलवाण तिनं स्वतः पेटवलं, आठ वाजून दहा मिनिटांनी, घड्याळ बघून. त्यांच्या काहिलीला पाक यायला तीन तास लागतात, काही मिनिटं इकडंतिकडं. अकरा वाजता येणाऱ्या माणसाला इनुसभाई काहिलीवरून मान वर करून बघूसुद्धा शकणार नव्हते.

गाडी अकराला आली. आबांना नीलमनं खुर्ची दिली, मला आधीच दिली होती. पृथ्वीराज शेला आणि नारळ घेऊन उभा राहिला. शेडमध्ये आणखी खुर्च्या होत्या, भिंतीला लावून ठेवलेल्या. आसियानं त्यातली एकही काढली नाही. काहील फसफसत होती, वाफ शेडभर होती, त्याचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला. बावीस माणसं पत्र्याखाली उभी. इनुसभाई पाठमोरे, हातातल्या चमच्याकडं बघत. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"इनुसभाई," शेवटी पृथ्वीराज म्हणाला, "हा तुमचा नारळ."

इनुसभाई वळले नाहीत. पाण्यात पाक सोडून गोळी करून बघितली, अजून मऊ होती. "त्या दिशी डबा कुणी उघडला?"

मी त्या माणसाला चाळीस वर्षं ओळखते आणि त्यांनी कुणाला असा प्रश्न विचारलेला मी कधी ऐकला नव्हता. मला वाटत होतं, सूड फक्त पोरीच्या पोटात आहे.

पृथ्वीराजनं बापाकडं पाहिलं. आबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले होते.

"मी," तो म्हणाला.

"काहिलीचा आवाज हाय," इनुसभाई म्हणाले. "मोठ्यानं."

"मी उघडला. मीच टाकायला लावला. तुम्ही टाकलं नव्हतं."

हे शब्द बावीस माणसांनी ऐकले. आबांनीही ऐकले, त्यांनी डोळे मिटून घेतले. इनुसभाईंनी पुन्हा पाक पाण्यात सोडला, गोळी केली, पातेल्याच्या कडेवर वाजवली आणि म्हणाले, "घ्या." चौघांनी काहील उचलून वाफ्यात ओतली. वाफा म्हणजे गूळ गार करायचा पसरट हौद. सगळा गूळ ओतून झाल्यावरच ते वळले, पंच्याला हात पुसले, नारळ घेतला, शेला खांद्यावर घालून घेतला. "आबा, तुम्ही कशाला एवढी तसदी घेतली," ते म्हणाले. आबांनी नुसता इनुसभाईंचा हात धरून ठेवला.

गुऱ्हाळावर आलेला माणूस रिकाम्या हातानं जात नाही. वाटसरू असो, भिकारी असो, भांडायला आलेला असो, त्याच्या हातावर उसाच्या पानात गरम गुळाचा गोळा ठेवायचाच. आमच्याकडं हे कुणी शिकवावं लागत नाही. आसियानं वाफ्याच्या कडेनं गूळ खरवडायला सुरुवात केली. पहिला गोळा आबांना दिला, दुसरा मला. मग एकेक करून बावीस जणांना, नावं घेऊन. नीलमला दिला. गाडीच्या ड्रायव्हरला बोलावून दिला.

पृथ्वीराजनं सवयीनं हात पुढं केला होता. ती त्याच्यापुढून गेली.

इनुसभाईंनी ते पाहिलं. "आसिया," ते हळूच म्हणाले, "पाव्हणा हाय."

"संपला, अब्बा," आसिया म्हणाली.

वाफ्यात पस्तीस-चाळीस किलो गूळ वाफाळत होता. सगळ्यांनी तो पाहिला, आणि आमच्यापैकी कुणीही तिला खोटं पाडलं नाही.